तबकडीच्या पहिल्या रेघा

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

वडूज,
रविवार, ता. २४ एप्रिल १९४९

चि. कृष्णात यास,

नाथाजीचे आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. विहिरीत पाणी कमरेइतकं आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. लेकीच्या, उमाच्या लग्नाचे गहू निवडून झाले. तुझ्या अक्काची प्रकृती चांगली आहे. गळ्याचं भोक कोरडं राहतं, दिवसातून दोन वेळा ती स्वतःच पुसून घेते आणि वर पातळ फडकं बांधते. जेवण पोटभर आहे. श्वास आता तोंडावाटे येत नसल्यामुळे चूल तेवढी तिला फुंकता येत नाही. ते काम मी करतो. मी फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलो की शेजारच्या भामाबाई कुडावरून बघतात आणि हसतात. हसू देत.

खुशाली इथं संपली. आता तुझ्या पत्राविषयी.

तू लिहितोस, पंधरा मेला उमाला हळद लागताना आईचं गाणं पाहिजे. अक्काला म्हणता येत नाही, तर तिच्या गाण्याची तबकडी कर्ण्यावर लावू, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल. हे वाचून मी पत्र घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही. आज देवपूजा करून, मन शांत झालं असं समजून लिहायला बसलो, पण ते काही शांत झालेलं नाही.

कोणतं गाणं लावणार आहेस तू? त्या तबकडीवर तुझ्या अक्काचं गाणं आहे, असं तुला खरंच वाटतं?

गेल्या मार्गशीर्षात मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल, जीव राहील, आवाज राहणार नाही. आठ दिवसांनी या म्हणाले. त्या आठ दिवसांत मी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते तुझ्याकडे. तू युद्धात बिनतारी संदेशांच्या पलटणीत होतास, सांगलीत तुझं रेडिओचं दुकान आहे, आणि तुझी ज्यांच्याकडे ऊठबस त्या लालासाहेबांकडे घरच्या घरी आवाज कोरून तबकडी कापायचं यंत्र आहे हे तूच मला सांगितलं होतंस. मी लिहिलं, बाबा, तुझ्या बनूअक्काचा आवाज कुठंतरी ठेवून दे. एवढंच लिहिलं होतं.

त्यावर तुझं चार पानी पत्र आलं. ते माझ्यापाशी आहे. माईक कोणता लावायचा, याचा तू त्यात इतका विचार केला होतास की वाचून माझा जीव भांड्यात पडला. पहिला तुझा स्वतःचा, कोळशाच्या भुकटीचा, पलटणीतला. तो माणसाचं बोलणं ऐकण्यासाठीच केलेला, अगदी तोंडाजवळ धरावा लागतो, मागे सारखा खरखरतो, आणि एकतारीचा झंकार त्याच्या कानात शिरत नाही. दुसरा स्फटिकाचा, तो मोटारीत उन्हात राहून बिघडलेला. तिसरा लालासाहेबांचा मोठा माईक. त्यात लोहचुंबकाच्या मधोमध कागदाहून पातळ पट्टी टांगलेली असते. तो समोरचं जितकं ऐकतो तितकंच पाठीमागचंही ऐकतो, बाजूचं मात्र ऐकत नाही. तू लिहिलंस, गाण्याला आणि तारेला हाच बरा. अक्का एका अंगाला बसेल, दाजी एकतारी घेऊन दुसऱ्या अंगाला, दोघं समोरासमोर, मधे माईक.

तुला ठाऊक नसेल, पण ते वाचून मी थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. सव्वीस वर्षं नवरात्रात आम्ही औंधच्या डोंगरावर देवीपुढे बसतो. ती गाते, मी एकतारी धरतो. मी नेहमी तिच्या डाव्या खांद्यामागे. गाताना तिचा चेहरा कसा दिसतो, ते मी कधी पाहिलेलं नाही.

मग आम्ही सांगलीला तुझ्या घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिरजेला दाखल व्हायचं होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दुपारीच. तुझी तयारी चोख होती, ते मी नाकारत नाही. मधल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्यास, घड्याळ बंद केलंस, परसातल्या कोंबड्या हुसकून लावल्यास. स्टुलावर तो मोठा माईक मांडलास. आम्ही समोरासमोर बसलो. गाण्याआधी वाद्याला हळदकुंकू लावायची आपली रीत आहे, तेवढं मी केलं. तू कोरी तबकडी आणायला आत गेलास, परत आलास, कानाला ऐकायची यंत्रं लावलीस, आणि अचानक म्हणालास, "दाजी, ह्यो माईक आज ऱ्हाऊ द्या. धाकटा लावू."

का, कशासाठी, काही नाही. कोळशाचा माईक पुढे आला. अक्काला त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसवलंस. मला म्हणालास, "तुमी जरा मागं सरा." मी सरलो. "आनी थोडं." मी आणखी सरलो. सरता सरता उंबऱ्यावर पोचलो. बायकोचं शेवटचं गाणं, आणि मी परक्या माणसासारखा उंबऱ्यावर.

आणि निघालं काय? ओलं लाकूड चुलीत घातल्यासारखी खरखर, आणि तिच्या आत कुठंतरी पत्र्याच्या नळीतून येणारा एक आवाज. बनूचा आवाज खालच्या सुरावर टेकला की देवळातली समई हलल्यासारखी वाटायची. तो खालचा सूर तबकडीवर नाहीच. वरची साल तेवढी आहे, आतला गर नाही. एकतारी तर औषधालासुद्धा नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई एकटीच गात होती.

मी तुला स्पष्ट लिहितो. लालासाहेबांचा माईक तुला जपायचा होता. मोठ्या माणसाची वस्तू, तिला शेतकऱ्याच्या बायकोच्या गाण्यासाठी कशाला झिजवा, असं तुझ्या मनात आलं असणार. सख्ख्या बहिणीच्या आवाजापेक्षा तुला सांगलीतली ऊठबस मोलाची वाटली. हे मी मनात ठेवलेलं नाही. बाजारात मळेवाल्या तात्याबांना सांगितलं, गल्लीतल्या सुलाबाईंना सांगितलं, उमाच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही सांगितलं. त्या मोठ्या माईकला ऐनवेळी काय झालं होतं ते मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. त्यात मला आता शिरायचं नाही.

तबकडी मी दर मंगळवारी, देवीच्या वारी, एकदाच लावतो. लोखंडी पिन लावली तर तिचा मऊ लेप खरवडून जाईल असं तू बजावलं होतंस, म्हणून बाभळीचा काटा तासून लावतो. तरीही खरखर आठवड्यागणिक वाढतेच आहे. काटा कुठं टेकवायचा ते माझ्या हाताला ठाऊक आहे, काठापासून अर्धं बोट आत. उमालासुद्धा मी हात लावू देत नाही. तुझ्या कर्ण्यावर तुझा माणूस काठापासून सुरू करील आणि वऱ्हाडापुढे नको ते वाजेल. ते मला चालणार नाही.

तेव्हा मामा म्हणून यायचं असेल तर रिकाम्या हातानं ये. कर्णा नको, माईक नको, तबकडीचं नावही नको. त्याशिवाय यायचं नसेल, तर नाही आलास तरी चालेल. मंगलाष्टकं संपेपर्यंत मुलीच्या पाठीशी उभं राहायला भावकीत माणसं आहेत.

पत्राच्या शेवटी 'तुझा दाजी' असं लिहीत आलो. आज हात ते लिहायला तयार नाही.

नाथाजी


॥ श्री यमाई प्रसन्न ॥

वडूज,
बुधवार, ता. ४ मे १९४९

चि. कृष्णात यास,

आशीर्वाद. खुशालीच्या ओळी आज लिहीत नाही. त्यांच्या आड बसायची मला सवय लागली आहे.

तुझं कार्ड शनिवारी आलं. "दाजी, तुमी म्हणता तसं. मी येत न्हाई. उमाचं लुगडं तात्याबाकडं धाडलंय. अक्काला नमस्कार." बस, एवढंच. ते कार्ड वाचून मी जितका संतापलो तितका तुझ्या आधीच्या पत्रानंही नव्हतो. माझ्या सहा पानांना तू चार ओळींत उत्तर देतोस आणि त्यात एक वाकडा शब्द नाही. तू मला शिवी दिली असतीस तर मी तुला दोन दिल्या असत्या आणि जेवायला बसलो असतो. असं गप्प राहून माणसाला जाळायला तुला कोणी शिकवलं?

सोमवारी दुपारी तात्याबा लुगडं घेऊन आले. ओसरीवर टेकले, मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"काय रं नाथाजी, मेव्हण्याला वाळीत टाकलास म्हणं."

मी म्हणालो, "त्यानं माझ्या बायकोच्या आवाजाचं वाटोळं केलं."

"व्हय, त्ये तू लय येळा सांगितलंस. आन् लालासाहेबाच्या माइकाचंबी त्येनंच केलं."

"काय केलं?"

"पाडला की. हातातनं पडला, आतली पट्टी तुटली, असं सोताच सांगितलं त्येनं. तवापासनं लालासाहेब त्येला पायरी चढू देत न्हाईत. त्ये तबकडी कापायचं यंत्रबी गेलं त्येच्या हातातनं. आता लग्नाकार्यात निस्ता कर्णा वाजवत फिरतोय गडी. तू त्येचा दाजी, तुला ठावं न्हाई?"

बनू दारात उभी होती. ती आत गेली आणि पाटी घेऊन आली. दवाखान्यातून आल्यापासून मी तिला अक्षरं शिकवतो, हे तुला माहीत आहे. अजून तिरकी येतात, पण वाचता येतात. तिनं पाटी सरळ तात्याबांच्या पुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "पडला नाही."

तात्याबांना वाचता येत नाही. त्यांनी पाटी उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे सरकवली. "काय म्हनत्यात वैनी? वाच की."

मी पाटीकडे बघितलं. आणि कृष्णात, मी म्हणालो, "चहा घेणार का, विचारते."

"घेतो की," तात्याबा म्हणाले.

बनूनं माझ्याकडे बघितलं. आत गेली, चुलीवर आधण ठेवलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर फुंकणी माझ्या हातात दिली. मी चुलीपुढे जाऊन बसलो. फुंकणी तोंडाला लावली खरी, पण बराच वेळ माझ्याच्यानं फुंकवेना.

आता लिहितो. हे मी तुलाच सांगायचं म्हणजे काय, तुला ते त्याच दुपारी कळलं होतं. पण लिहायचं राहिलं आहे, ते लिहिलंच पाहिजे.

तुझ्या चार पानी पत्रात आणखी एक ओळ होती. गेल्या पत्रात तिन्ही माईक मी तुझ्या शब्दांत उतरवले आणि ती तेवढी गाळली. तू लिहिलं होतंस, या माईकला वारा लागता कामा नये, आणि फुंकर तर मुळीच नको, पट्टी जागच्या जागी तुटेल. तोंडीही दोनदा सांगितलं होतंस, बनूनं ते ऐकलं होतं. त्या दुपारी तू आत गेल्यावर मी एकतारीला कुंकू लावलं, मग माईकला लावलं. चिमूट मोठी झाली. कुंकू त्याच्या जाळीतून आत पडलं. परक्याची वस्तू, ती खराब झाली असं वाटून मी घाबरलो, आणि पोथीवरची धूळ फुंकतो तशी फुंकर मारली. एक नव्हे, दोन. देवापुढचा दिवा मी जन्मात कधी तोंडानं फुंकून विझवलेला नाही. आणि ज्याच्यात बायकोचा आवाज ठेवायचा, त्यावर मात्र फुंकर घातली.

तू आलास, कानाला लावलंस, काही ऐकू येईना. जाळी उघडलीस. तुझ्या तळहातावर कुंकू सांडलं. तू आधी कुंकवाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी एकतारीची खुंटी पिळत बसलो. तू तळहात धोतराला पुसलास आणि म्हणालास, "दाजी, ह्यो माईक आज ऱ्हाऊ द्या."

मी तुला विचारतो, का म्हणालास असं? "दाजी, काय केलं हे?" एवढं तरी म्हणायचं होतंस. अक्काच्या गाण्याच्या शेवटच्या दुपारी भांडण नको, असं तुला वाटलं असेल. पण नंतर? पाच महिने मी बाजारात तुझं नाव खराब करत हिंडलो, ते तुझ्या कानावर गेलंच असणार. तरी तू कुणाजवळ बोलला नाहीस. उलट लालासाहेबांना सांगितलंस, की माईक तुझ्याच हातून पडला. माझ्या वाटचं खोटं तू बोललास आणि मला खरं बोलायची संधीही ठेवली नाहीस. मला याचा राग येतो. उपकार म्हणून मी ते घेऊ शकत नाही. आणि माझा मला इतका राग येतो, की रोज देवीपुढे हात जोडताना आधी माझेच हात दिसतात.

काल मंगळवार. मी ग्रामोफोनला चावी दिली, काटा तासला. बनूनं माझ्या हातातून काटा घेतला आणि स्वतः बसवला. मी अर्धं बोट दाखवलं, तिनं माझा हात बाजूला केला आणि काटा अगदी काठावर टेकवला.

तिथं काय आहे, ते तुला माहीत आहे. तुझी कापायची सुई जरा लवकर टेकली होती, बनू गाण्याआधी बोलली तेही उतरलं. तू सांगलीत पहिल्यांदा तबकडी लावलीस तेव्हा तिचं पहिलं वाक्य कानावर पडताच मी उठून परसात गेलो होतो. "आवं, ह्याला तरी फुकू नगा आता." तेव्हापासून त्या रेघांवर मी काटा ठेवलेला नाही. लग्नात तुझ्या माणसानं तो तिथं ठेवला असता, तर सगळ्या मांडवाला कळलं असतं. माझा सगळा संताप त्या अर्ध्या बोटाच्या जागेसाठी होता.

काल मी उठलो नाही. बनू समोर बसली होती.

कृष्णात, तो आवाज स्वच्छ आहे. गाणं मी दर मंगळवारी झिजवलं, त्या रेघा मात्र कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या. आणि तूच लिहिलं होतंस, की तो माईक बोलणं ऐकण्यासाठीच केलेला. गाण्यात जो खालचा सूर नाही, तो बोलण्यात आहे. वीतभर अंतरावर बसून कुणी बोलावं, तसा. पहिलं वाक्य झालं. मी मान खाली घातली. मग दुसरं आलं. ते मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी उंबऱ्यावर जमिनीकडे बघत होतो, ऐकू आलं असेल, पण पोचलं नव्हतं.

"आन् परक्यावानी तितं काय बसलायसा. हिकडं बघा की, मंजी म्हनते."

मग एक क्षण काहीच नाही. नुसती खरखर. मी बघतो का, याची ती वाट बघत असणार. मी बघितलं नव्हतं. मग गाणं सुरू होतं.

काल मी बघितलं. ती माझ्यासमोर बसून तबकडीतलं स्वतःचं गाणं ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

आज सकाळी तात्याबांच्या मळ्यात जाऊन पाटीवर काय लिहिलं होतं ते सांगितलं. फुंकर कोणी घातली तेही सांगितलं. त्यांनी मोटेचे बैल थांबवले. मग म्हणाले, "मंजी त्यो च्या मला निस्ता तुझ्या लबाडीपायी मिळाला म्हन की." सुलाबाईंना आणि उमाच्या सासऱ्यांनाही आजच सांगतो. लालासाहेबांना वेगळं पत्र लिहिलं आहे, ते याच टपालानं जाईल. माईक कोणी मोडला ते त्यात दोन ओळींत आहे, गाळलेलं काही नाही.

लग्नाला तू यायचंस. कर्णा आण, तुझा कोळशाचा माईकही आण, लोकांना त्यावरून मला चार शब्द सांगायचे आहेत. हळदीच्या वेळी तबकडी तू स्वतः लाव, आणि काटा काठावरच ठेव. पहिलं वाक्य सगळ्या वडूजनं ऐकावं. दुसरंही ऐकतील, त्याला माझा इलाज नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत उमाच्या पाठीशी तू उभा राहशील. दुसऱ्या कुणाला मी तिथं उभं राहू देणार नाही, आणि तू आला नाहीस तर ती जागा रिकामी राहील.

बनूनं हे पत्र बोट फिरवत वाचलं. अर्धा तास लागला. आणखी काही लिहू का विचारलं, तर तिनं पाटीवर लिहिलं, "पुरे. टाका."

'दाजी' हा शब्द गेल्या खेपेला मी रागानं गाळला होता. आज तो लिहायची लाज वाटते. मांडवाच्या दारात तू हाक मारशील, तेव्हा तो घेईन.

नाथाजी